बालवर्गातील मदतनीस : पात्रता आणि प्रतिष्ठा

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे केलेले भाषण)



आताच गुणगौरवाचा समारंभ पार पडला. वैद्यक, अभियांत्रिकी, हिशेबतपासणी अशा विद्यांत यश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींचे कौतुक पाहून सर्वांप्रमाणे माझाही ऊर भरून आला. परंतु ज्या कामात माझे आयुष्य गेले, त्याचे नाव या यादीत कधी आलेले मला स्मरत नाही. ते काम म्हणजे बालवर्गातील मदतनिसाचे. घरातील एखादी मुलगी बारावीपुढे शिकली नाही, किंवा एखादीवर अकाली संसाराचा भार येऊन पडला, म्हणजे आपण सहज बोलून जातो, "काही नाही तर निदान बालवाडीत तरी लागेल." या 'निदान' शब्दाबद्दलच मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम माझीच एक चूक सांगते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. शिक्षण नव्हते, उत्साह होता. साडेतीन वर्षांचा एक मुलगा रोज येऊन दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभा राही. एके दिवशी मी त्याची बोटे एकेक करून सोडविली, त्याला उचलून आत आणले आणि दार लावून घेतले. तो रडून रडून ओकला. मुख्य बाई मला काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चिंचोके आणि कवड्यांची परडी घेऊन त्या स्वतः दारापाशी जाऊन बसल्या व निवडू लागल्या. त्या मुलाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या मांडीला टेकून कवड्या वेगळ्या करीत होता. मायेने सर्व काही साधते, ही माझी समजूत त्या दिवशी गळून पडली. माया माझ्यापाशीही होती. माझ्यापाशी नव्हते ते ज्ञान. त्याच वर्षी मी प्रशिक्षणास नाव घातले.

मदतनिसाला काय कळावे लागते? स्वच्छता आणि खाऊचे वाटप तर आहेच. परंतु जे मूल बोलत नाही त्याला ऐकू येत नाही, की घरची बोली निराळी असल्यामुळे ते गप्प आहे, हे तिने ओळखावे लागते. ज्याची बोटे अजून पुरती वळत नाहीत, त्याच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेऊ नयेत. त्याला माती मळू द्यावी, मणी ओवू द्यावेत. जो चिंचोका चार वर्षांच्या मुलाला गणती शिकवितो, तोच दोन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकतो, याचे भान तिला क्षणभरही सोडता येत नाही. वीस मुलांत एक रडू लागले म्हणजे त्या एकाला जवळ घेऊन उरलेल्या एकोणिसांवर नजर ठेवणे, ही विद्या पुस्तकाने येत नाही. जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष मुलांत वावरूनच ती येते.

या विद्येची परंपरा लहान नाही. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले, आणि गुजरातेने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई, अशी पदवी दिली. तेव्हा हे काम केवळ बायकांचे आहे, असे येथील पुरुषमंडळींनी समजू नये. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीस त्यांना येऊन मिळाल्या त्या अनुताई वाघ. बालवयात विवाह आणि लागलीच वैधव्य, अशी त्यांची कहाणी. बोर्डीस येण्यापूर्वी त्या शिक्षिका होत्या. तरीही तेथे त्यांनी बालशिक्षण नव्याने आत्मसात केले आणि १९७३ साली ताराबाई निवर्तल्या तोपर्यंत त्यांच्या सहायक म्हणून राहण्यात कधी कमीपणा मानला नाही. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' उभी राहिली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आता व्यवहाराचे पाहू. अंगणवाडीच्या कामासाठी केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविका आणि मदतनीस या दोघींनाही बारावी उत्तीर्ण असणे व स्थानिक रहिवासी असणे आवश्यक आहे. वय १८ ते ३५. सेविकांच्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या पात्र मदतनिसांतून भरावयाच्या आहेत. म्हणजे मदतनिसाचे काम ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. अर्ज करण्यापूर्वी बालविकास प्रकल्प कार्यालयातील जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये. या कामास वेतन नसून मानधन आहे, आणि ते श्रमाच्या मानाने तुटपुंजे आहे, हेही मी लपविणार नाही. तथापि सेविका व मदतनीस यांना उपदानाचा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, ही समाधानाची गोष्ट होय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून मानली आहेत. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी त्यात सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सांगितली आहे. खासगी बालवर्गांत संस्थेगणिक अपेक्षा निराळ्या असतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत बारावीनंतरची दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका आहे. जिला या वाटेने पुढे जावयाचे आहे, तिने तिचा विचार करावा.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. आपल्याच ज्ञातीतील एका मुलीने आईच्या बांगड्या गहाण ठेवून कोठल्याशा वर्गाची फी भरली. आठ आठवड्यांत तिला रंगीत प्रमाणपत्र मिळाले. त्या आठ आठवड्यांत तिने एकही मूल पाहिले नव्हते. मुलाखतीत तिला अर्धा तास मुलांमध्ये बसविले, तेव्हा ती बावरून गेली. दोष त्या पोरीचा नव्हे. फी भरण्यापूर्वी काय विचारावे, हे तिला आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणीच सांगितले नव्हते. तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा : या अभ्यासक्रमास मान्यता कोणाची? प्रत्यक्ष मुलांमध्ये काम किती दिवस? आणि ते काम पाहून चूक दाखविणारे कोण? यांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

ताकाला जाऊन भांडे लपवू नये, म्हणून स्पष्टच मागते. आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी एक शिष्यवृत्ती बालशिक्षणाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी राखून ठेवावी, आणि ती मिळविणाऱ्या मुलीचे किंवा मुलाचे नाव याच व्यासपीठावरून वाचले जावे. काही मंडळी म्हणतील, ज्ञातीचा पैसा घेऊन ही मुलगी खिचडी वाढणार ती साऱ्या गावच्या मुलांना. होय, साऱ्या गावच्याच मुलांना! एका पंगतीस बसलेल्या मुलांना आडनाव विचारून वाढणारी मदतनीस तयार करावयाची असेल, तर ही शिष्यवृत्ती मला नको. पूर्वजांनी निधी उभा केला तो आपण वर यावे म्हणून. वर आलेल्याने चार परक्या मुलांना हात दिला, तर तो निधी सत्कारणी लागला असेच मी म्हणेन.

ही मागणी कार्यकारी मंडळाने मान्य करावी, आणि घरोघरच्या मातापित्यांनी तो 'निदान' शब्द आजपासून सोडून द्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.