आकाशातील पराक्रमांची खतावणी

जमिनीवर घडलेली गोष्ट मागे काही ना काही खूण ठेवून जाते. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान ह्यांची लढाई झाली. निजामाने ती जिंकली आणि गावास फत्तेखेर्डा असे नाव दिले. तीनशे वर्षे लोटली, तरी त्या लढाईविषयी आज कोणी शंका घेत नाही. कारण ती कागदावर उतरली आणि गावाच्या नावातही शिरली. आकाशाची गोष्ट निराळी आहे. तेथे ना वेस, ना शीव, ना मैलाचा दगड. एखादा वैमानिक वीस हजार मीटर उंच जाऊन परत आला, तरी त्याच्या मागे वाऱ्यावर साधी रेघ उरत नाही. मग तो खरोखर किती उंच गेला हे सांगावयाचे कोणी, आणि ते मानावयाचे कोणत्या आधारावर?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता आठ देशांचे प्रतिनिधी पॅरिस येथे जमले आणि १४ ऑक्टोबर १९०५ रोजी एक संस्था जन्मास आली. तिचे फ्रेंच नाव फेदेरासिओं एरोनोतीक इंतेरनासिओनाल. मराठीत तिला आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा संघ म्हणावयास हरकत नाही. आज तिचे ठाणे स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी आहे. बलून, विमान, ग्लायडर, हवाई छत्री अशा सर्व साधनांचे विक्रम तपासणे आणि स्पर्धांचे नियम करणे हे तिचे काम. प्रत्येक देशात तिची एक मानलेली संस्था असते; भारतात तो मान १९२७ साली स्थापन झालेल्या एरो क्लब ऑफ इंडियाकडे आहे.

संघाची कार्यपद्धती एखाद्या काटेकोर न्यायालयासारखी आहे. ज्यास विक्रम करावयाचा, त्याने केवळ उड्डाण करून भागत नाही. नेमलेला निरीक्षक हजर असावा लागतो. उंची मोजण्याचे यंत्र आधी कसोटीस लावून, लाखेची मोहोर करावी तसे बंद करून, बरोबर द्यावे लागते. पूर्वी हे यंत्र म्हणजे काजळी धरलेल्या कागदाचे फिरते नळकांडे असे. हवेचा दाब कमी होऊ लागला की सुई त्यावर रेघ ओढी. आता तेच काम विद्युत्-यंत्रे करतात. परंतु मोहोर कायम आहे. दाव्याची सूचना सात दिवसांत आणि संपूर्ण पुरावा १२० दिवसांत संघाकडे पोहोचावा लागतो. ह्याखेरीज जुना विक्रम ठरावीक प्रमाणाने मागे टाकला असला, तरच नवा मानला जातो. केसभर सरशी चालत नाही.

महाराष्ट्राचा ह्या खतावणीशी संबंध जुना आहे. मुंबईच्या जे. आर. डी. टाटा ह्यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. तो ह्याच संघाच्या वतीने भारत व ब्रह्मदेश येथील एरो क्लबने दिला होता, आणि त्यावर क्रमांक होता १. पुढे इंग्लंड व भारत ह्यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान ह्यांनी पारितोषिक लावले. मुदत होती एका महिन्याची. मनमोहन सिंग ह्यांनी तो प्रवास पुरा केला, परंतु मुदत उलटून गेली होती. पारितोषिक अस्पी इंजिनिअर ह्यांस गेले. सिंगांच्या धाडसास कोणी उणे लेखले नाही. परंतु अटीही त्यांच्यासाठी वाकविल्या गेल्या नाहीत.

ह्याच मुंबईची एक कथा मात्र ह्या खतावणीबाहेर राहिली. शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले असे पुष्कळ मराठी घरांतून अभिमानाने सांगितले जाते. ते विमान पंधराशे फूट चढले असेही सांगतात. परंतु कोणत्या दिवशी? उंची मोजली कोणी? साक्षीदाराची सही, मोजमापाचा कागद, छायाचित्र ह्यांपैकी काहीही आजवर पुढे आलेले नाही. पंधराशे फुटांची ती कथा पुराव्यावाचून इतिहास म्हणून मानता येत नाही. त्या वेळी संघ नव्हता, ही सबबही पुरी पडत नाही. राइट बंधूंनी १९०३ साली उड्डाण केले तेव्हाही त्यांच्याजवळ कोणा संघाचा निरीक्षक नव्हता. पण पाच साक्षीदार होते, छायाचित्र होते, रोजनिशी होती. त्या आधारावर जगाने त्यांना मानले. तळपद्यांचे यंत्र कदाचित दहा हात उचलले गेले असेल, कदाचित मुळीच नसेल. जे काही खरे घडले, ते त्याच दिवशी कोणी लिहून ठेवले असते, तर आज त्या कष्टाळू माणसाच्या वाट्यास दंतकथा आणि उपहास ह्यांऐवजी त्याचे न्याय्य श्रेय आले असते. नोंद नसल्याने सर्वांत मोठे नुकसान प्रयत्न करणाराचेच होते.

ह्याच्या उलट उदाहरण २६ नोव्हेंबर २००५ चे. त्या दिवशी पहाटे सदुसष्ट वर्षांचे विजयपत सिंघानिया हवाबंद कोठडीत बसून उष्ण हवेच्या बलूनमधून मुंबईहून वर चढले आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील पांचाळे येथे उतरले. वर्तमानपत्रांनी उंची छापली ६९,८५२ फूट. संघाच्या दप्तरी मात्र आकडा चढला तो २१,०२७ मीटर, म्हणजे ६८,९८६ फूट. आधीच्या आकड्यातून ८६६ फूट गळाले! कोणास वाटेल, एवढ्याशा फरकाचा हट्ट कशास? विक्रम तर दोन्ही आकड्यांनी होत होता. पेर लिंडस्ट्रँड ह्यांचा १९८८ सालचा १९,८११ मीटरचा विक्रम बाराशे मीटरांनी मागे पडला होता. परंतु ह्या हट्टातच त्या नोंदीची किंमत आहे. जो लेखनिक ८६६ फूट सोडीत नाही, त्याने मान्य केलेले २१,०२७ मीटर परका मनुष्यही बिनतक्रार स्वीकारतो. साखरखेर्ड्याहून बैलगाडीने निघालेल्या माणसास तेवढे अंतर कापण्यास अर्धा दिवस लागावा. एक मनुष्य तेवढे सरळ आकाशात चढून गेला, आणि आता त्यास कोणाच्या शपथेची गरज उरली नाही.

पराक्रमाची गाणी गाणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. त्याचे माप घेणारे थोडे. शाळेतील धावण्याची शर्यत असो, नदीला आलेल्या पुराची उंची असो वा कोणा शेतकऱ्याने काढलेले विक्रमी पीक असो, त्याच दिवशी, दोन तटस्थ माणसांदेखत, तारीख घालून चार ओळी लिहून ठेवण्याची सवय आपल्या समाजास लागली पाहिजे. नोंद करणारा पराक्रमास खुजे करीत नाही. उद्याच्या संशयापासून तो त्याचे रक्षण करतो.