‘आणि इतर’ म्हणजे कोण?

(कोल्हापुरात कार्यकर्त्या आणि प्राध्यापिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विद्यापीठाचं संग्रहालय आणि त्यातल्या बाया, हा आजचा विषय ऐकून दोघीतिघींनी मला वाटेतच गाठलं. म्हणाल्या, “ताई, मारहाण, पोटगी, हुंडा हे सगळं सोडून आज संग्रहालय कुठून काढलंत?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देते.

आपल्याकडे एखादी बाई पोटगीसाठी येते. रडून झाल्यावर, चहा प्यायल्यावर आपण तिला पहिला प्रश्न काय विचारतो? “कागद काय काय आहेत?” लग्नाचा फोटो, पत्रिका, रेशनकार्डावरचं नाव, दवाखान्याची चिठ्ठी. बारा वर्षं तिनं त्या घरात भाकऱ्या थापल्या, पण कागद नसला की समोरचा वकील विचारतो, “ही बाई तिथं राहत होती कशावरून?” आपण सगळ्यांनी हे ऐकलेलं आहे.

संग्रहालय ही समाजाची कागदांची ट्रंक आहे. त्या ट्रंकेत जे ठेवलं जातं ते घडलं असं पुढची पिढी मानते. जे ठेवलं नाही, ते घडलंच नव्हतं असं धरून चालते. म्हणून हा विषय पोटगीच्या अर्जापासून फार लांब नाही.

विद्यापीठं, महाविद्यालयं आपला इतिहास दालनात मांडतात. रौप्यमहोत्सव आला, हीरकमहोत्सव आला की फोटो फ्रेममध्ये जातात. पायाभरणीचा फोटो, पदवीदान समारंभाचा फोटो, पहिल्या मंडळाचा फोटो. खाली ओळ असते : डावीकडून अमुक, तमुक, मध्यभागी मा. अमुक, आणि इतर. कडेला एखादी बाई हातात तबक घेऊन उभी असते. कधी स्वागतगीत म्हणणाऱ्या चार मुली असतात. नावं वाचत वाचत डावीकडून सरकत गेलात, की त्यांच्यापाशी येऊन ओळ संपते. त्या ‘आणि इतर’मध्ये असतात. हे कुठल्या एका संस्थेबद्दल मी म्हणत नाही. तुमच्या शाळेच्या भिंतीवरचा फोटो आठवा, तिथंही हेच दिसेल.

आपलं कोल्हापूर संग्रहालयांच्या बाबतीत काही गरीब नाही. टाऊन हॉलमध्ये जा. 1945-46 साली ब्रह्मपुरीच्या टेकडीवर डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केलं. ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सगळे मोठ्या कौतुकानं दाखवतात, कारण तिच्यामुळे रोमशी चाललेला व्यापार कळतो. पण त्याच मातीतून मणी निघाले, बांगड्यांचे तुकडे निघाले. पंचगंगेच्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातातली बांगडी फुटली होती. मूर्तीपुढे थांबणारा माणूस बांगडीपुढे थांबत नाही, कारण तिच्याविषयी कुणी काही सांगत नाही. वस्तू ठेवणं हे निम्मं काम असतं. उरलेलं निम्मं काम तिच्याखालची चिठ्ठी करते.

आता आपल्या शिवाजी विद्यापीठाकडे येऊ. 18 नोव्हेंबर 1962 रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तेव्हा 34 महाविद्यालयं आणि सुमारे 14 हजार विद्यार्थी होते. सागरमाळाचा 853 एकरांचा उजाड माळ होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. त्यांनी आपल्या उपयोगाचं एक मोठं काम केलं, ते म्हणजे ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित करून विद्यापीठातर्फे छापली.

याचं महत्त्व लक्षात घ्या. महाराणी ताराबाई आपल्याला घोड्यावर बसलेल्या चित्रातून माहीत असते. 1700 साली राजाराम महाराज गेल्यावर पुढची सात वर्षं तिनं औरंगजेबाशी झुंज दिली, हेही शाळेत शिकतो. पण कागद वाचायला लागलं की चित्रातली बाई खाली उतरते. ती हुकूम देते, इनामांचे निवाडे करते, किल्ल्यांची व्यवस्था बघते. ती शूर होती हे पोवाड्यातूनही कळतं. ती राज्य चालवत होती हे कळायला कागद लागतो. राणी होती म्हणून तिचे कागद उरले. बाकीच्यांचे?

विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. ज्ञानपीठ मिळवणारे खांडेकर हे पहिले मराठी लेखक. 1974 सालचं ज्ञानपीठ त्यांना ‘ययाति’ या कादंबरीसाठी मिळालं. शिरोड्याच्या शाळेतला मास्तर इथवर कसा आला, हे मुलांनी पाहायलाच हवं. मला मात्र त्या कादंबरीची रचना आठवते. तिच्यात एकटा ययाति बोलत नाही. देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, प्रत्येकजण आपली बाजू आपल्या तोंडानं सांगते. विद्यापीठाचा इतिहास सांगणाऱ्या दालनाकडे माझी मागणी एवढीच आहे.

कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाची गोष्ट 1962 पासून सुरू होत नाही. संस्थानात रखमाबाई केळवकरांनी मुलींच्या शाळांचा कारभार सांभाळला. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली, पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाऊन आली आणि कोल्हापूरच्याच दवाखान्यात बायकांवर उपचार करू लागली. 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा केला आणि 1919 साली बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला. 1918 साली त्यांचे धाकटे चिरंजीव गेले. पाठीमागे कोवळ्या वयाची सून राहिली, इंदुमतीदेवी. राजवाड्यातला विरोध बाजूला सारून महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवलं, सोबतीला आणखी मुली दिल्या.

महाराजांचं श्रेय त्यांचं त्यांना द्यायलाच हवं. पण त्या सोबतीच्या मुलींचं पुढं काय झालं? सक्तीच्या शाळेत पहिल्या दिवशी पाटी घेऊन बसलेली मुलगी कोण होती? धोरण कुणी केलं हे दालन सांगतं. त्या धोरणाखाली जगलं कोण, हेही सांगायला हवं.

आता थोडं घरचं सांगते. माझी आत्ती सागरमाळावर कामाला होती, इमारती उठत होत्या तेव्हा. मी एम.ए.ला प्रवेश घेतला त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली होती. मुख्य इमारतीसमोर उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, “हितं म्या बी पाट्या टाकल्यात गं. खडी वाहून वाहून डोस्क्याचं केस गेलं.” मी हसले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही, हे कबूल करते. ती म्हणाली की, गड्याला जे मिळायचं त्यापेक्षा बाईला कमी, आणि हजेरीला मुकादम नाव लिहायचा तेही नवऱ्याचं. समान वेतनाचा कायदा आला 1976 साली. आत्तीच्या पाट्या त्याच्या आधीच्या. ती सहीसुद्धा करत नव्हती, आणि तिची भाची त्या दगडांच्या आत बसून पदवी घेणार होती. आत्ती आता नाही. तिचं बोलणं मी टेपवर घेतलं असतं तर आज ते दालनात लावता आलं असतं. घेतलं नाही, कारण मलाही ती ‘आणि इतर’च वाटत होती.

माझी पदवी माहेरच्या नावानं आहे. लग्नानंतर नोकरीसाठी गेले तर एका कचेरीत विचारलं, “ही पदवी तुमचीच कशावरून?” प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, पुन्हा हेलपाटे. यात चार महिने गेले आणि ती जागा गेली. ती सगळी कात्रणं मी अजून ट्रंकेत जपून ठेवली आहेत. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक झालं. हा बदल सुखासुखी आला नाही, हे पुढच्या मुलींना कळायचं असेल तर माझ्या पदवीशेजारी ते प्रतिज्ञापत्रही काचेत ठेवायला हवं. नुसती पदवी ठेवली तर निम्मी गोष्ट सांगून होईल.

मग दालनात काय असावं? मुलींच्या वसतिगृहाचे जुने नियम असावेत, परतायची वेळ आणि भेटायला येणाऱ्यांची यादी यांसकट. वडिलांचं किंवा पतीचं नाव विचारणारे परीक्षेचे अर्ज असावेत. गावाहून एस.टी.नं येणाऱ्या मुलीचा पास असावा, कारण एस.टी. चुकली की तास चुकायचा आणि चार तास चुकले की घरचे म्हणायचे, बस झालं शिक्षण. झाडणाऱ्या, मेसमध्ये चपात्या लाटणाऱ्या, प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या बायांचे फोटो असावेत, नावानिशी. आणि विशाखा निकाल 1997 साली आल्यावर, 2013 चा कायदा झाल्यावर शिक्षणसंस्थांत तक्रार समित्या कशा आल्या, त्याआधी मुली काय करत होत्या, तेही असावं.

इथं कुणीतरी म्हणेल, संग्रहालय गौरवासाठी असतं, तिथं उणीदुणी कशाला? गौरव मलाही हवा आहे. उजाड माळावर विद्यापीठ उभं राहिलं, खेड्यापाड्यातल्या मुली शिकल्या, हा गौरवच आहे. पण चढ किती होता ते सांगितलंच नाही, तर चढणाऱ्यांचं कौतुक कशाचं करणार? एक पथ्य मात्र कडक पाळायचं. तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव, गाव, वर्ग काहीही बाहेर येता कामा नये. तिची संमती नसेल तर तो कागद दालनात लावायचा नाही. इतिहासासाठी बाईला दुसऱ्यांदा चव्हाट्यावर आणायचं नाही.

शेवटी कामाचं बोलू. नुसती मागणी करून दालन भरत नाही, वस्तू आपल्याच घरात आहेत. आपल्या पावसात ट्रंकेतल्या कागदाला कसर लागते, बुरशी धरते. पावसाळा संपला की कागद सावलीत वाऱ्यावर ठेवा. फाटला तर चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. टाचण्या, क्लिपा गंजतात, त्या काढून टाका. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, न दाबता नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढं उमटतो.

कागद देताना नोंदवहीत कुणाचा, कधीचा, कुठून आला हे लिहून घ्या आणि पोच मागा. नोंद नसलेली वस्तू दहा वर्षांनी अडगळ होते. आणि ज्यांच्याकडे कागद नाहीतच, त्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन बसा. आता प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे, आवाज टिपायला टेपरेकॉर्डरही लागत नाही. आधी विचारा, मग सुरू करा, आणि सुरुवातीला तिचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून येऊ द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणायचा आहे, शाळेचा, कॉलेजचा किंवा कामाच्या जागेचा. आपण एकत्र बसून डावीकडून नावं लिहू. एखादीचं नाव कुणालाच आठवलं नाही तर तिच्या गावाला माणूस पाठवू, पण ‘आणि इतर’ लिहायचं नाही. माझ्याकडं आत्तीचा एकच फोटो आहे, माझ्या लग्नातला. ती कडेला उभी आहे, अर्धी कापली गेली आहे. मी तोच घेऊन येणार आहे.