आपली एमएमटीएस आणि आपण
(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंडपात विद्वान वक्ते येतात. यंदा मंडळाने घरचाच माणूस उभा केला, तोही डिप्लोमावाला. तेव्हा रूळ आणि गाड्या यांबद्दलच बोलतो, तेवढेच मला येते.

एक गोष्ट आधी सांगतो. मी रेल्वेचा नोकर. जादा गाड्या सोडा म्हणून मी मोर्चात येऊ शकत नाही. पण मागणी कशी करावी, हे सांगायला हरकत नसावी. (समोर आमचे साहेब बसले आहेत. ते हसताहेत, म्हणजे चालेल.)

काही वर्षांपूर्वी आपल्या वसाहतीतून चारशे सह्यांचा अर्ज गेला होता, आठवतो ना? ‘दर दहा मिनिटांनी एमएमटीएस हवी.’ उत्तर एका ओळीत आले, परिचालनाच्या दृष्टीने शक्य नाही. लोक चिडले आणि मग गप्प बसले. शेजारच्या वहिनी तेव्हा काचीगुड्याहून हायटेक सिटीला नोकरीला जात. सकाळची गाडी चुकली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. रोज ऑटो परवडेना. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. मला आजही रुखरुख वाटते, कारण तो अर्ज फेटाळला जाणार हे मला वाचतानाच कळले होते आणि मी बोललो नव्हतो.

का फेटाळला जाणार? आपल्यापैकी बरेच जण मुंबईच्या लोकलशी तुलना करतात. मुंबईत बऱ्याच भागात लोकलला वेगळे रूळ आहेत. आपली एमएमटीएस ९ ऑगस्ट २००३ ला सुरू झाली ती मुळातच असलेल्या रुळांवर. त्याच रुळांवर एक्स्प्रेस, त्याच रुळांवर मालगाडी. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा आमचा पहिला धडा. पुढची गाडी सिकंदराबादच्या फलाटासाठी सिग्नलवर थांबली की मागची आपोआप थांबते. त्यात रात्री-रविवारी आम्ही रूळदुरुस्तीसाठी ब्लॉक घेतो. रविवारी गाडी रद्द झाली की शिव्या आम्हालाच पडतात, पण मशीन रुळावर असताना गाडी कशी सोडणार?

म्हणजे मागूच नये का? मागावे, पण देता येईल असे मागावे. ‘सकाळी साडेसात ते साडेनऊमध्ये लिंगमपल्लीकडे एक फेरी वाढवा,’ किंवा ‘अमुक गाडी पंधरा मिनिटे अलीकडे घ्या,’ असे लिहिले तर कुणाला तरी वेळापत्रक उघडून बघावे लागते. आता दुसऱ्या टप्प्यात मेडचल आणि उमदानगरपर्यंत २०२३ मध्ये गाड्या सुरू झाल्या, सनतनगर–मौला अली मार्ग मार्च २०२४ मध्ये खुला झाला, जानेवारी २०२५ मध्ये चर्लपल्ली टर्मिनल सुरू होऊन काही लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या. कुठे जागा मोकळी झाली, हे विचारायची हीच वेळ.

आणि कुणाला विचारायचे? इथे आपले हमखास चुकते. काचीगुडा–फलकनुमा हैदराबाद विभागात येते, सिकंदराबाद–लिंगमपल्ली सिकंदराबाद विभागात. गंमत म्हणजे दोन्ही विभागांची मुख्य कार्यालये सिकंदराबादलाच. त्यामुळे अर्ज एका दारातून दुसऱ्या दारात फिरतो. दोन्हीकडे प्रत द्या. प्रत्येक विभागाची प्रवासी सल्लागार समिती असते, तिला डीआरयूसीसी म्हणतात. तिचे सदस्य कोण, ते शोधा आणि त्यांना घरी चहाला बोलवा. दुसऱ्या टप्प्याच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा राज्य सरकारचा ठरला होता, तेव्हा आमदारांनाही हा प्रश्न आपला वाटायला हवा. स्टेशनपासून वसाहतीपर्यंत बस हवी असेल तर मात्र रेल्वेकडे जाऊ नका. आरटीसीच्या डेपो मॅनेजरकडे जा. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या महिलांना आरटीसीच्या बहुतेक बसमध्ये मोफत प्रवास आहे. तेव्हा हे काम महिला मंडळाने हाती घ्यावे असे मला वाटते. त्या डेपोत गेल्या की काम लवकर होते, हा आमच्या घरचाही अनुभव आहे.

पण अर्जाआधी वही. रोज प्रवास करणाऱ्या सात-आठ जणांनी महिनाभर फक्त एवढेच लिहायचे: गाडी कोणती, लागायची केव्हा, आली केव्हा, किती लोक उभे होते. चारशे सह्यांकडे न बघणारा अधिकारी अशा तीस पानांकडे बघतो. मी स्वतः बघतो. गँगमनने लिहून आणलेली नोंद असली की माझाही हात आधी तिकडे जातो. रेल्वेचे नवे वेळापत्रक बहुधा वर्षातून एकदा लागते, त्याची तयारी काही महिने आधी चालते. वही त्याच्या आत पोचायला हवी.

विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला सभागृहात बसू. वेळापत्रक कसे वाचायचे, वहीत रकाने कसे आखायचे, ते दाखवीन. सही मात्र तुमची. नावे प्रसादाच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत लिहावीत. पहिले नाव शेजारच्या वहिनींनी आजच लिहिले आहे.