बक्षीस आणि पगार

हॉटेलात जेवण झालं, बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवली, की आपल्याला वाटतं, पोऱ्याचं भलं झालं. खरंच होतं का?

‘बक्षीस’ हा शब्द फारसीतून आला, ‘पगार’ पोर्तुगीजांकडून. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीचं, पगार घेणाऱ्याच्या हक्काचा. या दोहोंची सरमिसळ झाली की काय होतं, ते अमेरिकेत दिसतं. तिथलं केंद्रीय किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण टीप मिळवणाऱ्या वेटरला मालकानं २.१३ डॉलर दिले तरी चालतं; हा आकडा १९९१पासून हललेला नाही. बाकीचे टिपेतून भरून निघाले नाहीत, तरच मालकानं भर घालायची. म्हणजे गिऱ्हाइकाचे दर तासाचे पहिले पाच डॉलर मालकाचेच वाचवतात! कॅलिफोर्नियात मात्र ही सवलत नाही. तिथं वेतन पूर्ण, टीप वेगळी.

आपल्याकडे २०१६मध्ये आयकराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की टीप हा मालकानं दिलेला पगार नव्हे. तरीही कामावर ठेवताना सांगितलं जातं, ‘पगार थोडा, पण वर टीप मिळेल.’ आजारपणात टीप मिळत नाही. प्रॉव्हिडंट फंड कापला जातो तो पगारावर, टिपेवर नाही.

परवा एका पोऱ्याला मी विचारलं, ‘बेटा, पगार किती?’ त्यानं आधी गल्ल्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, ‘टीप बरी मिळते, चाचा.’

टीप जरूर द्या. पण पगाराचंही विचारा.