अपत्यहीनता आणि एक लपलेला क्षय
(वार्षिक संमेलनातील महिला सभेत केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु जो विषय आपण उंबरठ्याच्या आत कोंडून ठेवतो, त्याचे चटके घरातील स्त्रीलाच सर्वांत अधिक बसतात, हे मी वैद्यकीय व्यवसायात वारंवार पाहिले आहे. म्हणून संकोच बाजूस ठेवून बोलत आहे.

क्षय म्हटला की खोकला, ताप आणि खंगलेला देह डोळ्यांपुढे उभा राहतो. १८८२ साली रॉबर्ट कॉक यांनी या रोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू बहुधा श्वासावाटे फुफ्फुसांत शिरतो; परंतु तेथून रक्ताबरोबर अन्यत्रही जाऊन वस्ती करतो. स्त्रीच्या जननेंद्रियांत तो शिरला, तर बहुतेक वेळा प्रथम बीजवाहिन्यांस ग्रासतो व पुढे गर्भाशयाच्या अस्तरात उतरतो. नलिका बंद होतात, अस्तरावर व्रण पडतात, मासिक पाळी कधी अगदी कमी होते. खोकला नाही, बहुधा तापही नाही. बाई धडधाकट दिसते. मूल होत नाही, एवढेच काय ते लक्षण!

काही वर्षांपूर्वी एक सासूबाई आपल्या सुनेस घेऊन माझ्याकडे आल्या. लग्नास सहा वर्षे झालेली, नवस-सायास संपलेले आणि घरात मुलाच्या दुसऱ्या विवाहाची कुजबुज सुरू. मुलाची तपासणी मात्र झालेली नव्हती. सुनेस एकटीला बसवून विचारले, तेव्हा तिने खाली मान घालून सांगितले की, कुमारवयात तिच्या छातीत पाणी झाले होते. थोडे बरे वाटताच औषध सोडले आणि लग्न मोडेल या भयाने माहेरच्यांनी ती गोष्ट दडविली. निदानाचा सर्वांत मोलाचा धागा तोच होता!

हे निदान सोपे नाही. येथे जंतू थोडे असतात, म्हणून एकाच तपासणीवर निर्णय देता येत नाही. पाळी येण्यापूर्वीच्या दिवसांत अस्तराचा अंश काढून त्याचे भाग करावे लागतात. एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये घालतात. दुसरा जंतू वाढवून पाहण्यासाठी फॉर्मॅलिनविना पाठवितात, कारण फॉर्मॅलिनने जंतू मरतात. जंतू वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. सीबीनॅट ही नवी तपासणी सुमारे दोन तासांत उत्तर देते. परंतु तिचे ‘नाही’ म्हणजे रोग नाहीच, असे नव्हे. नलिकांचे क्ष-किरण चित्र आणि पोटात दुर्बीण घालून केलेली पाहणी यांचीही जोड द्यावी लागते. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याच्या तपासण्या फसव्या ठरल्यामुळे २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली, हेही ध्यानात असू द्यावे.

त्या मुलीचे निदान झाले, सहा महिन्यांचा औषधोपचार पुरा झाला, रोग गेला. नलिका मात्र उघडल्या नाहीत. औषध जंतू मारते. पडलेला व्रण पुसत नाही. अस्तर शाबूत असेल तर शरीराबाहेर गर्भधारणा घडवून आणण्याचा मार्ग उरतो, पण तो खर्चाचा आणि अनिश्चित आहे. लग्नाआधीचा उपचार पुरा झाला असता, तर कदाचित ही वेळच आली नसती.

म्हणून माझी आपणांस तीन मागणी आहेत. मुलीस क्षय झाला तर तो लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध विनामूल्य मिळते, ते शेवटच्या दिवसापर्यंत द्या. वर्षभरात अपत्ययोग आला नाही तर पती व पत्नी दोघांचीही तपासणी करा. आणि निदान होण्यापूर्वी कोणाही सुनेस वांझ म्हणू नका. निदान झाल्यावर तर मुळीच नको. रोग हा अपराध नव्हे.