मोत्याचे पाणी



नथ, तन्मणी, चिंचपेटी यांतील जुना मोती घरोघरी ‘बसरा’ म्हणून ओळखला जातो. बसरा हे व्यापाराचे बंदर. मोती निघे तो इराणच्या आखातात, विशेषतः बहारीनच्या समुद्रात. पाणबुडे पायाशी दगड बांधून तळ गाठीत आणि एका चांगल्या मोत्यासाठी शेकडो शिंपले फोडले जात. त्यांतील पुष्कळसा माल मुंबईत येई. येथे प्रतवारी होई, वेज पाडले जाई. 1893 साली जपानात मिकिमोतो यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती संवर्धित केला. पुढे संवर्धित मोत्यांनी आखाताचा व्यापार बसविला.

शास्त्रात शिंपल्यातील जीव द्वींद्रिय मानला आहे. संवर्धनातही त्याच्या देहात मणी रोवला जातो आणि मोती काढताना तो बहुधा मरतोच. तेव्हा नव्या सराची मागणी नोंदविण्यापूर्वी आजेसासूबाईंचा डबा उघडून पाहणे सयुक्तिक ठरेल.

मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचा. चांदीची तबके चिंचेने उजळतात. तीच चिंच मोत्यास लागली की त्याचे पाणी उतरते. अत्तर व घामही त्यास बाधतात. म्हणून मोत्याचा दागिना सर्वांत शेवटी ल्यावा, सर्वांत आधी उतरवावा आणि मलमलीने पुसावा. (नव्या मलमलीस खळ असते; ती आधी धुऊन काढावी.) सोन्याच्या दागिन्यांत तो एकत्र ठेवू नये, ओरखडे पडतात. रेशमी दोरा सैल होताच सर पुन्हा ओवून घ्यावा व प्रत्येक मोत्यामागे गाठ मारवावी. दोरा तुटलाच, तर एखादाच मोती निसटतो.