रिचच्या पुलावरचं ख्रिसमसचं झाड

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



वस्तीत काम करताना एक वाक्य मला हटकून ऐकावं लागतं. "ताई, निदान सणाचे दिवस तरी जाऊ द्या. सणासुदीला कशाला वाद?" तुम्हीही ते ऐकलं असेल. बहुतेकदा बायाच म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक असतं असं नाही. वर्षाकाठी चार दिवस घरात गोडधोड होतं, पोरं हसतात, त्यात आपण विरजण का घालावं? हाच प्रश्न मनात धरून मी आज एका दुकानाबद्दल बोलणार आहे. दुकान अमेरिकेतलं, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातलं. एम.एस.डब्ल्यू. करताना समुदाय संघटनाच्या अभ्यासात तिथल्या बहिष्काराशी माझी ओळख झाली, ती सुटली नाही.

दुकानाचं नाव रिच. मॉरिस रिच या हंगेरीतून आलेल्या ज्यू तरुणाने ते १८६७ साली काढलं. पुढे ते भर शहरातलं अनेक मजली प्रचंड दुकान झालं. कपडे, भांडी, फर्निचर, खेळणी सगळं एका छताखाली, शिवाय तिथला नारळाचा केक प्रसिद्ध. लोकांचा जीव होता या दुकानावर, आणि तो उगाच नव्हता. मंदीच्या काळात, १९३० साली, नगरपालिकेकडे शिक्षकांच्या पगाराला पैसे नव्हते. पगाराऐवजी कागदी वचनचिठ्ठ्या मिळाल्या. रिचने त्या पूर्ण किमतीला वटवून दिल्या, आमच्याकडेच खरेदी करा अशी अट न घालता. किती शिक्षिकांच्या चुली त्यावर चालल्या असतील, विचार करा.

आणि ख्रिसमस म्हणजे तर रिचच. दुकानाच्या दोन इमारतींमध्ये फोर्साइथ नावाचा रस्ता. त्याच्यावर काचेचा पूल, तोही मजल्यावर मजले असलेला. १९४८पासून थँक्सगिव्हिंगच्या रात्री, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, तिथे उंच झाड उजळण्याचा सोहळा होऊ लागला. खाली रस्त्यावर हजारो माणसं, कडेवर मुलं. दिवे मालवायचे. पुलाच्या एकेका मजल्यावर उजेड पडायचा आणि तिथला गायकवृंद गायचा. शेवटी 'ओ होली नाइट'. त्यातला सगळ्यात उंच सूर लागला की त्याच क्षणी झाड लखलखायचं. १९५३पासून मुलांसाठी गुलाबी डुकराची आगगाडी आली. खेळण्यांच्या विभागात छताला टांगलेल्या रुळावरून ती फिरायची, आणि उतरताना 'मी गुलाबी डुकरात बसलो' असं सांगणारी चिकटपट्टी छातीवर लागायची. ते भर शहरातलं दुकान १९९१ साली बंद झालं, २००५मध्ये रिच हे नावही गेलं, पण अटलांटातली जुनी माणसं ख्रिसमसची आठवण काढतात ती याच झाडाची.

आता याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर या. तिथे मॅग्नोलिया रूम नावाचं उपाहारगृह होतं. खरेदीने दमलेल्या गोऱ्या बायका तिथे बसून जेवायच्या. काळ्या बाईचं दुकानात उधारीचं खातं चालायचं, तिचे पैसे चालायचे. ती मात्र त्या टेबलाशी चालायची नाही. घेणाऱ्या हाताला विटाळ नाही, खाणाऱ्या तोंडाला आहे. आपल्याला हे हिशेब नवीन नाहीत.

मार्च १९६०मध्ये तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रांत मानवी हक्कांचं आवाहन छापलं. त्याचा मसुदा मुख्यतः रोझलिन पोप या स्पेलमन या महिला महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने लिहिला. नेत्यांची नावं घेताना हे नाव बहुधा राहून जातं, म्हणून मुद्दाम घेते.

१९ ऑक्टोबर १९६० रोजी विद्यार्थी रिचमध्ये शिरले. मार्टिन लूथर किंग त्यांच्याबरोबर होते. भेटायची जागा ठरली होती तो हाच काचेचा पूल. नंतर मॅग्नोलिया रूममध्ये त्यांना अटक झाली. त्या दिवशी शहरात पन्नासच्या आसपास माणसं पकडली गेली. किंग यांनी जामीन नाकारला. बाकीचे सुटले, पण किंग यांच्यावर आधीचं वाहन परवान्याचं एक क्षुल्लक प्रकरण होतं. लिलियन स्मिथ या गोऱ्या लेखिकेला कर्करोगाच्या उपचारासाठी गाडीतून नेताना ते अडवले गेले होते. तेच उकरून न्यायाधीशाने चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली आणि रातोरात दूरच्या तुरुंगात हलवलं. कोरेटा तेव्हा सहाव्या महिन्याची गरोदर. वर्षभरापूर्वीच, १९५९ साली, ती नवऱ्याबरोबर मुंबईला मणिभवनात राहून गेली होती. केनेडींनी तिला फोन केला, किंग सुटले, आणि निवडणुकीवर त्याचा परिणाम झाला, असं इतिहासात येतं. मला त्या फोनपेक्षा त्याआधीच्या तिच्या रात्री आठवतात.

नोव्हेंबरअखेरीस, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, धरणं आणि बहिष्कार पुन्हा सुरू झाला. मागणं साधं होतं. रिचमधलं खातं बंद करा. आता हे खातं कोण वापरत होतं? घरातली खरेदी बाईकडे. लेकराचा कोट, सासूला भेट, झाडाखालचं खेळणं, हे सगळं तिने मनात कधीचं ठरवलेलं असतं. ते न घेण्याचा निर्णयही तिलाच घ्यावा लागतो, आणि रडणाऱ्या लेकराला उत्तरही तिलाच द्यावं लागतं. मोर्च्यात चालणं दिसतं. हे कुणाला दिसत नाही. पण दुकानदाराला गिऱ्हाइकाची सगळ्यात जास्त गरज कधी असते? सणालाच. म्हणून बाईच्या हातातली पिशवी रिकामी राहिली तर ती तेव्हाच त्याला टोचते. दुकानापुढे एकीकडे फलक घेतलेले विद्यार्थी आणि दुसरीकडे झगे घातलेले क्लॅनवाले, असंही दृश्य त्या दिवसांत दिसलं.

मार्च १९६१मध्ये तडजोड झाली. बंद दाराआड, मुख्यतः वडीलधाऱ्या पुरुषांनी केलेली. तरुणांच्या बाजूने तिथे दोघंच होती, लॉनी किंग आणि स्पेलमनची हर्शेल सलिव्हन. ठरलं असं, की शरद ऋतूत शाळांमधला वर्णभेद उठू लागेल, मग टेबलं खुली होतील. म्हणजे आणखी सहा महिने थांबा. चर्चमधल्या सभेत लोकांनी ज्येष्ठांची हुर्यो उडवली, खुद्द किंग यांच्या वडिलांचीही. शेवटी मार्टिन लूथर किंग यांनी बोलून सभा शांत केली. मी त्या सभेत असते तर शांत झाले असते का, सांगता येत नाही. ख्रिसमस कोरडा घालवलेल्या बायकांना न विचारता ती मुदत दिली गेली होती.

सप्टेंबर १९६१मध्ये टेबलं खुली झाली. दोन महिन्यांनी पुलावरचं झाड पुन्हा उजळलं, तेव्हा खाली थंडीत लेकराला घेऊन उभ्या असलेल्या काळ्या बाईला आत जाऊन, खुर्ची ओढून, कॉफी मागवता येत होती.